शेवटच्या पानावरची मावशी

…नाही हो ताई, सही नकोय मला. सही घेऊन काय करू, मी तक्रार घेऊन आलोय. तक्रार म्हणजे — भांडायला नाही, घाबरू नका, या वयात मी कुणाशी भांडणार, तुमचा जिना चढतानाच अर्धा जीव गेला माझा. तुम्हीच ना त्या? आइस्क्रीमचा कोन कसा झाला, नूडल्स कशा झाल्या, पॅनकेक पहिल्यांदा कुणी उलटला — ती लहान मुलांची पुस्तकं तुमचीच ना? गोष्ट पण तुमची आणि चित्रं पण तुमचीच? हां, मग बरोबर ठिकाणी आलो. प्रकाशकाच्या ऑफिसातल्या मुलीनं पत्ता द्यायला फार आढेवेढे घेतले. म्हणाली, बाई कुणाला भेटत नाहीत, ईमेल करा. म्हटलं, बाळ, मी आयुष्यभर सहलीची बस चालवली, ईमेल काही मला चालवता येत नाही. मग हसली आणि दिला. तिला रागावू नका हं, चांगली आहे मुलगी.

तर हे बघा. ऑम्लेटचं पुस्तक. हाताला चिकट लागेल, जॅम आहे तो, आमच्या नातीचा — या बाजूनं धरा. हे पहिलं पान. वादळ झालंय, रस्ता बंद, खानावळीत माणसं अडकलीत, खायला काही उरलेलं नाही, उरली ती अंडी आणि तीही टोपली पडून फुटलेली. मग ती स्वयंपाकीणबाई रडत रडत सगळी तव्यावर ओतते आणि झालं ऑम्लेट. खरं-खोटं तुम्हाला माहीत. — काय? मनानंच रचली? खरी कुठली ते कुणालाच माहीत नाही? असू दे असू दे, मी काही त्यासाठी नाही आलो, आणि हे घरी जाऊन कुणाला सांगणारही नाही. मला एवढंच दाखवायचंय. टेबलाशी किती माणसं आहेत बघा. स्वयंपाकीणबाई, तिची दोन मुलं, गाडीवान, पोस्टमन, हे दाढीवाले आजोबा, आणि ही कडेला हिरव्या स्कार्फवाली मावशी. सात. आता शेवटचं पान काढा. सगळे बसलेत, ऑम्लेट खाताहेत, गाल फुगलेत, छान काढलंय, वाफसुद्धा काढलीये तुम्ही. मोजा. नाही, मोजा ना. बोट ठेवून मोजा, आमच्याकडे तसंच मोजतात. सहा. मावशी कुठे गेली?

हसा, हसा. मीही हसलो होतो पहिल्यांदा. इतक्या घरांत हे पुस्तक गेलं असेल, कुणाच्या लक्षात आलं नसेल, कोण मोजायला बसतंय — तर आमची भिंगरी बसते. नाव वेगळं आहे तिचं, पण एका जागी ठरायची नाही म्हणून मी भिंगरी म्हणायला लागलो आणि तेच चिकटलं. हल्ली ठरते. हल्ली खिडकीत बसली की बसूनच राहते, हाक मारावी लागते. आणि मोजायची खोड माझी. दुसऱ्या कुणाला दोष द्यायची सोय नाही. सहलीच्या बसमध्ये काय असतं ताई, की प्रत्येक थांब्यावर माणसं उतरतात, फोटो काढतात, कुणी दुकानात घुसतं, कुणी संडासात अडकतं — आणि गाडी सोडायच्या आधी ड्रायव्हरनं डोकी मोजायची. उतरली तितकी चढली का. एक जरी कमी असलं तरी गाडी हलवायची नाही, मग मागचे कितीही ओरडू देत. भिंगरीला मी लहानपणापासून खुर्च्या मांडून हाच खेळ शिकवला. बाहुल्या बसवायच्या, मोजायच्या, मग घंटी. तिला अजून शंभरपर्यंत आकडे येत नाहीत, पण डोकी मोजायला सांगा, चुकायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, मोजली तर मोजली, एवढ्यासाठी हा म्हातारा बस बदलत बदलत इथवर आला? सांगतो. ती जेवत नाही. म्हणजे जेवते, पण तुमच्या पुस्तकात आहे तेवढंच खाते. पाव खाते, कारण पावाचं पुस्तक आहे. जॅम, पॅनकेक, नूडल्स. आइस्क्रीम तर विचारूच नका. पण भात नाही, भाजी नाही, फळाला हात नाही. केळ्याचं पुस्तक तुम्ही काढलं नाहीत. केळं कुणी बनवत नसतं, ते झाडाला लागतं, हे मलाही कळतं हो, पण ते तिला सांगायला तुम्ही या. समोर पुस्तक उघडून ठेवायचं, शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, मग ती शेवटच्या पानावर बोट फिरवणार, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणणार, आणि मग घास घेणार. एका ताटाला एक पुस्तक. आमची ही म्हणते, मला आता तुमच्या त्या कोनवाल्याचं सगळं खानदान पाठ झालंय. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले तब्येतीत तसं काही नाही, पण वजन उतरतंय, काहीतरी धडाचं पोटात जायला हवं. धडाचं म्हणजे काय, जॅम-पावावर मूल वाढतं का? म्हणून मग मी दुकानं पालथी घातली आणि हे ऑम्लेटचं मिळालं. देवासारखं वाटलं मला. अंडं तरी जाईल पोटात. आणि गेलं हो. रोज सकाळी एक ऑम्लेट, पुस्तकासकट. गालांवर जरा रंग यायला लागला होता.

आणि मग हे. गेल्या आठवड्यात. इतके दिवस मी पटापट पानं उलटत होतो, मला भाजी आणायला जायची घाई असायची, आणि शेवटच्या पानावर माझाच अंगठा असायचा कडेला. त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात होतं. बोट फिरवलं तिनं, थांबली, पुन्हा पहिल्या पानावर गेली, पुन्हा शेवटी आली. आजोबा, मावशी कुठेय? म्हटलं, हात धुवायला गेली असेल. मला काय ठाऊक, तोंडाला आलं ते बोललो. ती म्हणाली, मग कधी येते? आणि पान उलटलं. पुढे पान नाही, पुठ्ठा. तिनं त्या पुठ्ठ्याकडे बघितलं, ताट हळूच पुढे सरकवलं, टाकलं नाही, रडली नाही, नुसतं सरकवलं, आणि खुर्चीवरून उतरून खिडकीत जाऊन बसली. तेव्हापासून अंडं बंद. नुसतं बंद नाही, पॅनकेकमध्ये अंडं असतं हे तिला आजीकडून कळलं, तर पॅनकेक बंद. आता जॅम, पाव, आइस्क्रीम आणि नूडल्स. नूडल्सच्या पाकिटावर अंड्याचं चित्र नाही म्हणून वाचलो, नाहीतर तेही गेलं असतं.

मी काय काय केलं नाही म्हणता? सगळं केलं. मीच एक पुस्तक काढलं. हसू नका, खरंच. भाताचं. कागद दुमडले, शिवले, रंगपेटी आणली, गोष्ट रचली की एक म्हातारी होती आणि तिच्या मडक्यात पाऊस पडला वगैरे. गोष्ट बरी झाली होती, माझ्याच्यानं चित्रं होईनात. माझी माणसं बटाट्यासारखी यायची. आमची ही चष्मा लावून म्हणाली, अहो हे भाताचं आहे की बटाट्याचं? शेवटच्या पानावर सगळे भात खाताहेत असं काढायचं होतं — आणि ते खाणारं तोंड फार अवघड असतं हो ताई, तुम्हाला काय सांगायचं. बंद तोंड काढलं तर नुसते बसलेले दिसतात, उघडं काढायला गेलो तर ओरडताहेत असं दिसतं. काढली कशीबशी उघडी. दिलं तिच्या हातात. तिनं सगळं वाचून घेतलं माझ्याकडून, अगदी शहाण्यासारखं, मोजलं, बरोबर भरले. मी म्हटलं चला, जमलं. तर शेवटच्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, आजोबा, हे खात नाहीयेत. यांचं पोट दुखतंय.

…हां. काही नाही. पाणी द्या जरा.

तिची आई ना? आई म्हणजे — ही पुस्तकं आईच वाचायची ना तिला. रोज जेवताना. आमच्या लेकीला फार हौस. स्वतः दिवसभर ऑफिसात, संध्याकाळी आली की पर्स टाकायची आणि आवाज काढून काढून वाचायची, तो आइस्क्रीमवाला तर असा काढायची की बाहेरून जाणारी माणसं आमच्या खिडकीकडे बघायची. आता मी वाचतो. माझा आइस्क्रीमवाला बस ड्रायव्हरसारखाच बोलतो. — नाही. नाही हो, बाहेरगावी नाही. गेली ती. थंडीच्या आधी गेली.

तसं सांगण्यासारखं काही नाही. तेच तर आहे की सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसातून आली, म्हणाली पोट दुखतंय. आम्ही म्हटलं, दुखतं एखाद्या वेळी, झोप. भिंगरीनं गरम पाण्याची पिशवी नेऊन दिली तिला, दोन्ही हातांनी धरून, तेव्हा तिला फार महत्त्व वाटलं त्याचं. सकाळी दवाखान्यात नेलं. आणि मग आत नेलं, आणि मग अजून आत नेलं, आणि मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, काहीतरी खाण्यात आलं असणार. काय? तर ते नाही सांगता येत. कँटीनमध्ये सगळ्यांनी तेच खाल्लं होतं, बाकी कुणाला साधी ढेकरसुद्धा आली नाही. माझी लेक तेवढी. मी त्या डॉक्टरला विचारत राहिलो, अहो, पण काय खाल्लं तिनं, काहीतरी नाव असेल ना त्याला. तो तरुण होता बिचारा, म्हणाला, आजोबा, कधीकधी नाही कळत.

मग घरी माणसं यायला लागली. येणारा प्रत्येक जण विचारणार, कशानं हो गेली एवढीशी पोर? आणि आम्ही प्रत्येकाला सांगायचो, काहीतरी खाण्यात आलं. मी सांगायचो, ही सांगायची, जावई सांगायचा. शेजारी आले, काहीतरी खाण्यात आलं. तिच्या ऑफिसातले आले, काहीतरी खाण्यात आलं. फोनवर तेच. आणि भिंगरी टेबलाखाली बाहुल्या मांडून बसलेली. आम्हाला वाटलं खेळतेय. आता तुम्हीच बघा ताई, काहीतरी म्हणजे काय? काहीतरी म्हणजे काहीही असू शकतं. भात असू शकतो, केळं असू शकतं. आपण मोठे आहोत म्हणून आपण काहीतरी म्हणतो आणि पुढे जेवायला बसतो. तिला ते जमेना. आणि आम्हाला कळलं नाही हो. इतके महिने आम्ही समजत होतो, आईची आठवण येते म्हणून पुस्तकं मागते, मागू दे. जावई चिडायचा, म्हणायचा तुम्ही दोघांनी लाडावून ठेवलंय. एकदा त्यानं मांडीवर घेऊन जबरदस्तीनं भरवलं, तिनं सगळं ओकलं त्याच्या शर्टावर, आणि मग तोच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत बसला. आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. सगळ्यांना ऐकू गेलं.

मला तर या तुमच्या मावशीमुळे कळलं. ती मावशी नाहीशी झाली आणि हिनं ताट सरकवलं, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ही शेवटच्या पानावर बोट कशाला फिरवते. तुमच्या पुस्तकांत खाण्याआधी जितके असतात तितकेच खाल्ल्यावर असतात. सगळ्या पुस्तकांत. मी नंतर एकटा बसून सगळी मोजली, कोनाचं, पावाचं, नूडल्सचं, कुठे म्हणून माणूस कमी नाही. म्हणून ती खाते. तेवढंच खाते. जे खाऊन सगळे तिथेच आहेत, तेवढंच. पोरीनं स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं हे, पाच वर्षांच्या, आणि कुणाला काही सांगितलं नाही. मला अभिमान वाटला आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

म्हणून आलो. माझं मागणं काही मोठं नाही. या पुस्तकात, इथे, या कोपऱ्यात, पोस्टमनच्या पलीकडे, एवढी मावशी बसवून द्या. तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम. स्कार्फ हिरवा हवा, ती रंग बघेल. आणि तोंडात घास हवा. खुशीत खातेय असं हवं. मी स्वतः काढलं असतं, पण — बटाटा. मी तिला सांगून आलोय, बाईंकडे जातो आणि मावशीला आणतो. आज सकाळी दारापर्यंत आली सोडायला, हल्ली कुणाला सोडायला येत नाही ती. — कुठे निघालात? ताई? राग आला का? मी काही चूक काढायला नाही आलो, छापखान्यात काय होईल आणि काय नाही, मला कळतं ते. केवढे खण आहेत या कपाटाला. धरू का मी ती बाजू?

हे काय आहे? मूळ चित्र? म्हणजे हाताचं, पहिलं? अहो — अहो, ही काय. ही बसलीये की. ही बघा, स्कार्फ, ताटली, आणि गाल बघा तिचे, सगळ्यात जास्त हीच खातेय. मग पुस्तकात — कडा कापताना? छापखान्यात पानांच्या कडा सारख्या कापतात त्यात गेली? एवढंच? मशीन जरा आत लागलं आणि अख्खी मावशी गेली? आणि कुणी बघितलं नाही. बघा म्हणजे. तुम्ही तर सात काढले होते. तुमचा हिशोब बरोबर होता. मला वाटलं तुम्ही विसरलात, येताना बसमध्ये मी तुम्हाला मनातल्या मनात चार शब्दही सुनावले होते, ते आता परत घेतो. थांबा हं, चष्मा पुसतो. म्हातारपणी ना, कशानंही पाणी येतं डोळ्यांत. एका रंगवलेल्या बाईला बघून मला एवढं बरं वाटावं.

नेऊ? खरंच नेऊ? नाही नाही, मूळ चित्र कसं नेऊ तुमचं, ते महागातलं असेल, आमच्या घरी जॅम असतो सगळ्याला. — बरं, तुम्ही म्हणता तर. प्लास्टिकमध्ये घालून द्या. परत आणून देईन, स्वतः आणून देईन. आणि पुस्तकातही रंगवताय? व्वा. रंगवा, मी बोलत नाही, हात हलेल तुमचा. आता असं करतो, आज गेल्या गेल्या तिला टेबलाशी बसवतो, पुस्तक ठेवतो, त्याच्या शेजारी हे ठेवतो. म्हणेन, बघ भिंगरे, मोज. मावशी कुठे गेलीच नव्हती. ती होती. सगळा वेळ तिथेच होती, खात होती, फक्त जरा कडेला बसली होती म्हणून आपल्या पानावर ती कापली —

थांबा. ताई, ब्रश थांबवा जरा.

नाही, तुमचं काही चुकलं नाही. छान काढताय. मला एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी सांगत नव्हतो. म्हटलं मावशीचं होऊ दे, मग बघू, कदाचित निघतच नाही विषय, गुपचूप परत न्यावं आणि तिला म्हणावं, बाईंना वेळ नव्हता. हा फोटो आहे. पिशवीत पुस्तकाच्या खाली तिनं स्वतः ठेवलाय, रुमालात गुंडाळून. तिच्या वाढदिवसाचा, गेल्या महिन्यातला. हा मी, ही आमची ही, हा जावई, दाढी वाढलेली दिसतेय तो, आणि ही भिंगरी. केक आहे मध्ये, केकचं पुस्तक आहे तुमचं, म्हणून केक चालला. आणि फोटो काढताना तिनं आम्हाला काय सांगितलं, सगळ्यांनी घास तोंडात घ्या आणि मग बघा इकडे. आम्ही म्हटलं, पोरीचा वाढदिवस आहे, हट्ट पुरवा. गाल फुगवून बसलो सगळे, जावई पण. फोन फळीवर टेकवून काढला. मग दुकानातून छापून आणायला लावला, मोबाईलमध्ये नको म्हणाली, कागदावर हवा. मला तेव्हाही कळलं नाही ताई. शेवटचं पान करून घेत होती ती आमचं.

आणि मग मोजलं तिनं. मी बघितलं मोजताना. कमी भरले.

 फोटो उशीखाली असायचा. आणि काल मी पिशवी भरतोय तर घेऊन आली, म्हणाली, आजोबा, मावशीचं झालं की बाईंना हे पण दे. आई राहिलीये. आम्ही जागा ठेवलीये बघ. ही बघा, ही खुर्ची. मला वाटलं होतं, फोटोत नीट मावावं म्हणून सरकून बसायला सांगतेय. आणि मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? ती विचारते, बाईंना आईचा चेहरा माहीत आहे का? मी म्हटलं, मी सांगेन त्यांना.

नको. विचारू नका ताई. नाक माझ्यावर गेलं होतं लेकीचं, कपाळ आमच्या हिच्यावर — नाही, नको, मी का सांगतोय तुम्हाला. तुम्ही काढाल. तुम्ही हुबेहूब काढाल, तोंडात घास काढाल, आणि भिंगरी बोट ठेवून मोजेल आणि बरोबर भरतील. आणि मग ती खाईल. सगळं खाईल, बघा तुम्ही, भात खाईल, केळं खाईल, आमची ही वेडी होईल आनंदानं. आणि जेवून, हात धुऊन, ती दाराशी जाऊन बसेल. कारण आता तर काही कमी नाही. आता यायला काय हरकत आहे. मग तिला दारातून उठवणार कोण? मी? आणि न काढता नेला, तर जे दोन घास जाताहेत तेही जातील, म्हणेल, मावशी आणता आली आणि आई नाही आणता आली. आणि हे मूळ चित्र दाखवून मी सांगणार, मावशी कडेला होती, कापली गेली. लगेच तो फोटो घेईल हातात आणि कडेला बघत बसेल. मी कुठूनही बोललो तरी तिथेच येऊन थांबतो. येताना अख्ख्या रस्ताभर हेच चाललं होतं डोक्यात, बाहेर बघितलंच नाही.

मला तुम्ही एकच सांगा. चित्र राहू दे. तिला काय सांगू, ते सांगा. तुम्ही एवढ्या गोष्टी लिहिल्यात, लहान मुलांना कळेल अशा, तुम्हाला येत असेल. तुमच्यावर तिचा विश्वास आहे, तुमच्या पुस्तकांवर तिनं घास घेतलाय, माझ्यावर नाही. मी म्हणेन, बाईंनी सांगितलंय. मोठं नको, एक वाक्य चालेल, मी बसमध्ये पाठ करत जाईन. काहीतरी असेल ना. एखादं. काय म्हणतात अशा वेळी मुलांना?

…तुम्हाला पण नाही येत.

असू दे. रडू नका ताई, तुमच्यानं कसं येईल, तुमची काय चूक त्यात. तुम्ही कोण, मी कोण. द्या तो फोटो इकडे. नाही, रुमाल माझ्याकडे आहे. आणि मावशी द्या. ओली आहे अजून? पुस्तक उघडंच नेतो, धरून नेतो हातात, पुसली जाणार नाही. मावशी तरी नेतो. तुम्ही खाली येऊ नका, दार लोटून घ्या, मी उतरतो सावकाश.